‘कसंतरी होतंय’ म्हणजे नेमकं काय होतंय?

प्रश्न : ताई, पुण्यात मानसशास्त्रात बी.ए. करून मी इथे ओहायोत क्लिनिकल मेंटल हेल्थ काउन्सेलिंगच्या मास्टर्सला आले. स्प्रिंगमध्ये शंभर तासांचं प्रॅक्टिकम (देखरेखीखालचा पहिला सराव) झालं, ऑगस्टपासून युनिव्हर्सिटीच्याच काउन्सेलिंग सेंटरमध्ये इंटर्नशिप सुरू आहे. परवा फ्रंट डेस्कवरून निरोप आला, की एका विद्यार्थ्याने वेबसाइटवर माझं आडनाव वाचून मीच हवी असं सांगितलंय. त्याला मराठीत बोलायचंय. मी इतकी हरखले! इंग्रजीत सेशन घेताना माझं निम्मं लक्ष स्वतःच्या उच्चारांकडे असतं. शिवाय इंटर्नशिपला लागणारे माझे तास मागे पडलेत, कारण तिनातला एक क्लायंट येतच नाही. अडचण एवढीच, की हा मुलगा आमच्या मराठी मंडळातला आहे. तोंडओळख आहे. येत्या शनिवारी मंडळाचा गणपती, प्रसादाच्या काउंटरवर माझी ड्युटी. रूममेट म्हणते, इतका काय विचार करतेस, घे. सुपरव्हायझर अमेरिकन आहेत. त्यांना हे सगळं कसं समजावू?
– एक इंटर्न, ओहायो

उत्तर : रूममेटला सांग, विचार करण्यासाठीच तुला तिथे खुर्ची दिली आहे.

मी इंटर्न होते १९९७ साली, मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात. सांगलीहून येऊन दोन वर्षं झाली होती. माझ्याकडे इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करणारा एक मुलगा आला, आपल्याकडचाच. (गाव सांगत नाही, आणि त्याच्याबद्दलच्या दोनतीन गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत.) दहा मिनिटांत आम्ही मराठीवर आलो. इंग्रजीत तो ‘स्ट्रेस’ आणि ‘प्रेशर’ या दोन शब्दांपुढे जात नव्हता, मराठीत मात्र घडाघडा बोलायला लागला. “लॅबच्या दाराशी गेलं ना, की कसंतरीच होतं,” म्हणाला. मी मान डोलावली. होतंच की! घरी जाताना वाटलं, काय सुंदर सेशन झालं आज.

तेव्हा रेकॉर्डिंग कॅसेटवर असायचं. गुरुवारी माझ्या सुपरव्हायझर बाईंनी टेप लावली, मराठी सुरू झालं तशी थांबवली आणि विचारलं, काय म्हणाला तो? मी ‘कसंतरी’ इंग्रजीत आणायला बसले. मळमळतं का? चक्कर येते? भीती वाटते? लाज? छातीत धडधडतं? त्या एकेक शब्द पुढे करत होत्या आणि मी प्रत्येकाला “तसंच काहीसं” म्हणत होते. शेवटी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “तू त्याला विचारलंस का?”

नव्हतं विचारलं. अमेरिकन पोरांना मी खोदून खोदून विचारायचे, नेमकं काय होतं, कुठे होतं, किती वेळ टिकतं. यालाच विचारलं नाही, कारण मला कळलं होतं ना! पुढच्या भेटीत विचारलं. दाराशी त्याचे हात बधिर व्हायचे, श्वास पुरायचा नाही, आपण इथेच मरणार असं वाटायचं. सरळ सरळ पॅनिकचे झटके. दोन आठवडे तो लॅबमध्ये पाऊलच टाकू शकला नव्हता. आणि मी समजत होते, पोराला घरची आठवण येतेय.

तुझ्या उच्चारांची मला म्हणूनच फारशी काळजी नाही. इंग्रजीत तू चाचपडतेस, म्हणून विचारतेस. मराठीत विचारायची थांबशील.

आता मरणाचं. आपण मराठीत उठताबसता मरतो. ‘मरू दे ते’, ‘जीव खाल्ला नुसता’, ‘मेले मी हसून हसून’. आणि ज्याच्या मनात खरंच काही चाललेलं असतं तो ‘नकोसं झालंय सगळं’ एवढंच हळूच म्हणतो. तुमच्याकडे पीएचक्यू-९ (नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) भरून घेत असतील, तर त्यातला नववा प्रश्न याचाच आहे. मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार गेल्या २ आठवड्यांत किती वेळा आले, ० ते ३ गुण. कागदावर शून्य आहे आणि तोंडी ‘नकोसं झालंय’ आहे, तर शून्यावर विसंबू नकोस. सरळ विचार, “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. मला मात्र हे वाक्य मराठीत म्हणताना जीभ जड झाली होती. इंग्रजीत कितीदा तरी विचारलेलं, पण मराठीत आजीच कानाशी येऊन म्हणाली, अभद्र बोलू नये. घरी मोठ्याने म्हणून बघ, चारपाचदा. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला खोलीत एकटं न सोडता त्याच तासाला सुपरव्हायझरना बोलवायचं, गुरुवारची वाट बघायची नाही.

आणि इथेच भाषेचा पेच आहे. तुझा कोर्स सीएसीआरईपी या काउन्सेलिंगचे कोर्स तपासणाऱ्या संस्थेच्या मान्यतेचा दिसतो, शंभर तासांच्या प्रॅक्टिकमवरून म्हणते. म्हणजे इंटर्नशिपचे ६०० तास, त्यातले २४० प्रत्यक्ष क्लायंटबरोबरचे, आठवड्याला सरासरी १ तास वैयक्तिक सुपरव्हिजन आणि दीड तास गटातलं. त्या एका तासात ऐकायचं रेकॉर्डिंग मराठीत असेल, तर ऐकणार कोण? माझ्या बाईंनी तोडगा काढला होता. सेशनमधली दहा-बारा वाक्यं मी मराठीत जशीच्या तशी लिहायची, खाली शब्दशः इंग्रजी, तिसऱ्या ओळीत मला त्याचा काय अर्थ वाटला ते. दर वेळी दीड तास मोडायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत इतकं अंतर पडायचं, की मलाच लाज वाटे. तुझ्या सुपरव्हायझरनी मान्य केलं तर हे कर. हे असं दाखवावं लागेल, हे त्या मुलालाही आधी सांग. तू शिकाऊ आहेस आणि तुझ्यावर कोण देखरेख करतं, हे तर त्याला पहिल्याच भेटीत कळायला हवं.

तासांसाठी म्हणून त्याला घेऊ नकोस. न आलेल्या क्लायंटचा तास २४० मध्ये धरता येत नाही हे खरं, पण गट चालवलास तर ते तास धरतात, आणि प्रॅक्टिकममध्ये चालवला नसशील, तर एखादा गट तुला तसाही चालवावाच लागेल. सहचालक म्हणून घ्या, असं मागून घे. मात्र जादा तास करताना व्हिसा विसरू नकोस. ६०० ला १५ आठवड्यांच्या दोन सेमिस्टरनी भाग, आठवड्याला बरोबर २० येतात. २० पर्यंत सीपीटी (कोर्सचा भाग म्हणून काम करायची व्हिसावरची परवानगी) अर्धवेळ, त्यावर पूर्णवेळ, आणि पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली की ओपीटी, म्हणजे डिग्रीनंतर काम करायची परवानगी, हातची जाते. पगार नसला तरी मंजुरी लागू शकते. एक तासही वाढवायचा असेल तर आधी इंटरनॅशनल ऑफिस गाठ.

आता मंडळ. माझ्या त्या मुलाचं पुढे काय झालं ते लिहायचं टाळत होते. चार सेशन छान झाली. मग दिवाळीच्या कार्यक्रमात तो हॉलच्या दुसऱ्या टोकाला दिसला. शेजारी माझा नवरा, हातात चकलीची ताटली, भोवती चार बायका, आणि मी तिथून ओरडले, “अरे! बरं वाटतंय का आता?” त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला. नंतर कधीच सेंटरवर आला नाही. मी त्याचं गुपित फोडलं नव्हतं, अशी मी बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होते. फोडलंच होतं.

अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनच्या २०१४ च्या आचारसंहितेत असे संबंध सरसकट निषिद्ध नाहीत. फायदा-तोटा तोलावा, सल्ला घ्यावा, नोंद ठेवावी असं आहे. माझं मत त्याहून कडक आहे. मंडळ किंवा तो, दोन्ही नाही. त्याला सरळ ‘नाही’ही कळवू नकोस. भाषा मागायला त्याला किती धीर गोळा करावा लागला असेल! इनटेक, म्हणजे पहिली चौकशीची भेट, दुसऱ्या कुणीतरी घ्यावा, त्यात सगळे पर्याय त्याच्यापुढे मांडावेत. मंडळात आपली गाठ पडणार हेही. मग त्यालाच तू नको असशील, कदाचित.

सुपरव्हायझरना गणपती-प्रसाद समजावत बसू नकोस. एवढंच म्हण, की या गावात आमची थोडीच घरं आहेत, मी याला दर सणाला भेटणार आहे. एकच किराणा दुकान असलेल्या गावात काम केलेला कुठलाही अमेरिकन काउन्सेलर हे लगेच ओळखतो. माझ्या बाई कॅन्ससच्या खेड्यातल्या होत्या. दिवाळीचा प्रकार सांगितल्यावर म्हणाल्या, आमच्याकडे हे चर्चच्या पायऱ्यांवर होतं.

हे शनिवारच्या आधी सांग. तो दिसला तर त्याने ओळख दाखवल्याशिवाय तू दाखवू नकोस. आणि प्रसादाच्या काउंटरवरची ड्युटी बदलून घे, तिथे प्रत्येकाला तुझ्यासमोर हात पुढे करावा लागतो. पार्किंगची घे. ती कुणालाच नको असते, लगेच मिळेल.