वाचकांचे प्रश्न : पंखा ढकलल्यावरच का फिरतो?

प्रश्न : आमचा पंखा बटण दाबलं की नुसता घुंऽऽ करत बसतो. काठीने पातं ढकललं की मात्र फिरायला लागतो, आणि गंमत म्हणजे उलट्या बाजूला ढकललं तर उलटा फिरतो! वायरमन म्हणाला कंडेन्सर गेलाय. पण कंडेन्सर जर मोटरला करंट देतो तर तो गेल्यावर पंखा फिरतोच कसा?

उत्तर : वायरमनचं बरोबर आहे आणि तुमची शंकाही अगदी योग्य आहे. कंडेन्सर म्हणजे कपॅसिटर करंट साठवून ठेवतो आणि सुरुवातीला मोटरला जोराचा धक्का देतो असं बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण तसलं काही होत नाही. एसी लाइनवर (जिथे करंटची दिशा सतत उलटसुलट होते) तो दर सायकलला एकदा सुलटा, एकदा उलटा चार्ज होतो, म्हणजे जे साठवतो ते लगेच परतही करतो. त्याचं खरं काम टायमिंगचं आहे.

एक प्रयोग करा. दोरीला दगड बांधून तो लोलकासारखा समोर-मागे झुलू द्या. हे झालं सिंगल फेजच्या (घरातल्या साध्या लाइनच्या) एकट्या वाइंडिंगचं, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीचं, चुंबकीय क्षेत्र, नुसतं पुढे-मागे, गोल फिरणं नाहीच. आता दगड मधोमध आलेला असताना त्याला बाजूने टोला द्या, तो तिरका झुलायला लागेल, पण झुलणं सरळ रेषेतच. तोच टोला दगड एका टोकाला क्षणभर थांबलेला असताना द्या, दगड गोल फिरायला लागतो (टोला अगदी बरोबर जोराचा बसला तर वर्तुळ, नाहीतर लंबगोल). टोला तोच, दिशा तीच, फक्त वेळ पाव झोका इकडेतिकडे झाली.

मोटरमध्ये हा बाजूचा टोला म्हणजे दुसरं वाइंडिंग, ज्याला आपण स्टार्टिंग वाइंडिंग म्हणतो. ते मेन वाइंडिंगपासून ९० इलेक्ट्रिकल अंशांवर (चुंबकीय ध्रुवांच्या हिशोबाने काटकोनात) बसवलेलं असतं, पण दोघांना एकाच लाइनने करंट दिला तर दोघांचाही करंट जवळपास एकाच वेळी चढणार आणि उतरणार, म्हणजे आपला तिरका झुलणारा दगड. म्हणून स्टार्टिंग वाइंडिंगच्या सिरीजमध्ये (एकाच वाटेत, एकामागोमाग) कपॅसिटर टाकतात. वाइंडिंगमुळे करंट व्होल्टेजच्या मागे पडतो, कपॅसिटरमुळे पुढे येतो, दोन्ही करंटमध्ये ९० अंशांच्या आसपास फरक पडला की क्षेत्र गोल फिरायला लागतं आणि रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, त्याच्यामागे निघतो.

आता काठीचं. पुढे-मागे झुलणारं क्षेत्र म्हणजे हिशोबाने बघितलं तर एकमेकांविरुद्ध फिरणारी दोन सारखी क्षेत्रं. रोटर उभा असताना दोघांची रस्सीखेच बरोबरीत सुटते, म्हणून नुसतं घुंऽऽ. तुम्ही ज्या बाजूला ढकलता त्या बाजूच्या क्षेत्राची ओढ वाढते, विरुद्धची कमी होते आणि रोटर पळत सुटतो, त्याला सुलटं-उलटं काही कळत नाही. पण नीट बघाल तर वेग आणि जोर पूर्वीइतका नसेल आणि मोटरही जास्त तापेल. तेव्हा काठी ठेवून द्या आणि कपॅसिटर बदला. आणि मोटर नुसती घुमत असेल तर बटण तसंच चालू ठेवू नका, अडकलेली मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट खेचते, मग वाइंडिंग जळायला वेळ लागत नाही.

प्रश्न : पंख्याला एकच कपॅसिटर, आणि पाण्याच्या मोटरला दोन, एक काळा गोल आणि एक वेगळा. असं का? एकाच्या जागी दुसरा चालेल का?

उत्तर : नाही चालणार, आणि हा घोळ खूप जण घालतात. पंख्याला सुरू होताना फारसा भार नसतो म्हणून २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरडचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) एक छोटा कपॅसिटर कायमचा जोडलेला पुरतो. पंप किंवा कॉम्प्रेसरला सुरुवातीलाच जोर लागतो आणि रोटर उभा असताना वाइंडिंगमधून करंटही भरपूर जातो, तिथे टायमिंग साधायला मोठा, बऱ्याचदा शंभरच्या पुढचा कपॅसिटर लागतो. मोटरने वेग घेतला की तोच आकडा जास्त ठरतो. म्हणून साधारण ७५ टक्के वेग आला की आतला सेंट्रीफ्यूगल स्विच (वेग वाढला की आपोआप उघडणारा) टक् करून हा मोठा स्टार्ट कपॅसिटर बाहेर काढतो आणि छोटा रन कपॅसिटर तेवढा मागे राहतो. त्याने मोटरची थरथर आणि आवाजही कमी होतो.

स्टार्टवाला इलेक्ट्रोलिटिक असतो, काही सेकंदांपुरताच बनवलेला. तो कायम लाइनवर राहिला तर तापून फुगतो, फुटतोसुद्धा. त्यामुळे नवा घातलेला स्टार्ट कपॅसिटर परत गेला तर कपॅसिटरला शिव्या देण्याआधी स्विच चिकटलाय का ते बघा, बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. रनवाला प्लास्टिक फिल्मचा असतो. फिल्मला बारीक भोक पडलं तर भोवतीचा धातूचा थर उडून जातो आणि कपॅसिटर चालू राहतो, पण दर वेळी मायक्रोफॅरड थोडे घटतात. पंखा हळूहळू आळशी होत जातो त्याचं एक नेहमीचं कारण हेच.

प्रश्न : मग मोठ्या मायक्रोफॅरडचा घातला तर पंखा जोरात फिरेल ना? आणि २३० व्होल्टच्या लाइनवर ४४० व्होल्टचा कपॅसिटर कशाला?

उत्तर : थोडा फिरेलही, पण स्टार्टिंग वाइंडिंगमधून जास्त करंट जाऊन ते तापेल. टोला जास्त जोराचा बसला तर वर्तुळ बिघडतंच. जुना कपॅसिटर २.५ चा असून १.५ वर आला असेल तर नवा २.५ चाच घाला, वेग आपोआप परत येईल. व्होल्टचं म्हणाल तर वाइंडिंग आणि कपॅसिटर सिरीजमध्ये असतात, त्यांचे व्होल्टेज एकमेकांच्या उलट पडतात, त्यामुळे एकट्या कपॅसिटरवर लाइनपेक्षा जास्त व्होल्टेज येतं. म्हणून ४४० च्या जागी २५० वाला घालू नका.

मोजायचा असेल तर मेन स्विच बंद करून, कपॅसिटर रेझिस्टन्समधून डिस्चार्ज करून (आत उरलेला चार्ज उतरवून), एक वायर सोडवूनच मल्टीमीटर लावा. स्क्रू ड्रायव्हरने टोकं भिडवून ठिणगी काढायची सवय मोठ्या कपॅसिटरवर तरी करू नका.