सामायिक लिनक्स सर्व्हरवर एकाच सॉफ्टवेअरच्या दोन-तीन आवृत्त्या कुठे ठेवाव्यात?

/यूएसआर/बिनला हात लावू नका, तो प्रांत पॅकेज मॅनेजरचा (सिस्टिमची सॉफ्टवेअर बसवणारा-काढणारा प्रोग्रॅम). स्वतः कंपाइल केलेलं (सोर्स कोडपासून बनवलेलं) सॉफ्टवेअर मी /ऑप्टमध्ये ठेवतो: सॉफ्टवेअरचं एक फोल्डर, त्यात प्रत्येक आवृत्तीचं वेगळं, म्हणजे /ऑप्ट/पायथन/3.11. कंपाइल करण्याआधी कॉन्फिगर करताना प्रीफिक्स (सॉफ्टवेअर कुठे बसवायचं ती जागा) म्हणून हाच पाथ द्या. सगळं /यूएसआर/लोकलमध्ये ओतलंत तर सहा महिन्यांनी कुठली फाइल कुणाची, हे तुम्हालाच कळणार नाही (स्वानुभव!). वेगळं फोल्डर असलं की काढताना तेवढंच उडवायचं.

आवृत्ती निवडायला एलमॉड बसवा, म्हणजे हवी ती आवृत्ती चालू करून देणारं साधन. ‘मॉड्यूल लोड’ म्हटलं की ज्याच्या त्याच्या सेशनपुरता ‘पाथ’, म्हणजे प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचा ती यादी, बदलतो. ‘करंट’ नावाची सिमलिंकही (एखाद्या आवृत्तीच्या फोल्डरकडे बोट दाखवणारा शॉर्टकट) चालते, पण ती फिरवलीत की सगळ्यांचीच आवृत्ती बदलते. लिहिण्याची परवानगी फक्त अ‍ॅडमिनला, बाकीच्यांना वाचणं आणि चालवणं पुरे.