लिनक्स मिंटवर दुसरा मॉनिटर जोडला, पण दोन्हीकडे तेच चित्र आणि अक्षरं धूसर. काय करू?

तुम्ही लिहिलंय की जुन्या लॅपटॉपवर नुकतंच लिनक्स मिंट टाकलं, व्हीजीए केबलने घरातला २२ इंची मॉनिटर जोडला, तर त्यावर लॅपटॉपचंच चित्र दिसतं आणि अक्षरं आडवी ताणलेली, धूसर. रेझोल्यूशनच्या, म्हणजे पडद्यावर आडवे-उभे किती ठिपके दिसतात त्याच्या, यादीत १०२४ × ७६८ च्या वर काही नाही. लिनक्सला जमत नसेल तर परत विंडोजवर जावं का, असंही विचारलंय.

परत जाऊ नका. या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. एक दोन मिनिटांत सुटते आणि दुसरीत बहुतेक केबलचा दोष निघेल. मी मुद्रितशोधन करतो. डावीकडे पानांची पीडीएफ, उजवीकडे लिब्रेऑफिसमधली फाईल, असं दिवसभर चालतं आणि तेही मिंटवरच. दुसरा पडदा नसेल तर माझं काम निम्म्यावर येतं, म्हणून तुमची अडचण मला नीट कळते.

आधी सोपी तक्रार. मेनूमध्ये ‘डिस्प्ले’ शोधून उघडा. दोन्ही पडदे एकाच चौकोनात दिसत असतील तर ‘मिरर’ चालू आहे, ते बंद करा. आता दोन चौकोन दिसतील. टेबलावर मॉनिटर ज्या बाजूला आहे त्याच बाजूला त्याचा चौकोन माउसने ओढून न्या आणि लॅपटॉपच्या चौकोनाला चिकटवा. ज्यावर जास्त काम करणार तो ‘प्रायमरी’ करा, म्हणजे खालची पट्टी तिकडे जाईल. मग ‘अप्लाय’. बदल ठेवायचा का, असं कॉम्प्युटर विचारेल. उत्तर दिलं नाही तर काही सेकंदांत आपोआप जुनी मांडणी परत येते. त्यामुळे पडदा काळा पडला तरी हात लावू नका, नुसते थांबा.

चौकोनांची उंचीही नीट लावा. समजा लॅपटॉप १३६६ × ७६८ चा आणि मॉनिटर १९२० × १०८० चा आहे. वरच्या कडा जुळवल्या तर मॉनिटरच्या तळाशी ३१२ पिक्सेलची अशी पट्टी उरते जिच्या शेजारी लॅपटॉपचा पडदाच नाही. तिथून माउस पलीकडे न्यायला गेलात की तो कडेला अडतो आणि माणसाला वाटतं काहीतरी बिघडलं. लॅपटॉप टेबलावर खाली आणि मॉनिटर उंच असेल तर खालच्या कडा जुळवा, माउस सरळ जाईल.

आता धूसर अक्षरं. प्रत्येक मॉनिटरमध्ये त्याची माहिती साठवलेली असते: कंपनी, मॉडेल, आकार, कोणकोणती रेझोल्यूशन चालतात. तिला ईडीआयडी म्हणतात. मूळ तुकडा जेमतेम १२८ बाइटचा. केबल जोडली की कॉम्प्युटर आधी हा तुकडा वाचतो आणि त्यावरून यादी बनवतो. तो वाचताच आला नाही तर समोर कोण आहे हे लिनक्सला कळत नाही, आणि कुठल्याही मॉनिटरवर चालेल असं १०२४ × ७६८ तो धरून चालतो. हे ४:३ प्रमाणातलं चित्र तुमच्या १६:९ च्या मॉनिटरवर ताणलं जातं, म्हणून अक्षरं जाड आणि पसरट दिसतात.

खात्री करून घ्या. कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबून टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा आणि एक्स, आर, ए, एन, डी, आर ही सहा इंग्रजी अक्षरं लहान लिपीत, सलग लिहून एंटर मारा. याने काहीही बदलत नाही, फक्त माहिती दिसते, तेव्हा घाबरू नका. लॅपटॉपच्या पडद्याचं नाव बहुधा ईडीपी किंवा एलव्हीडीएस असेल, मॉनिटरचं व्हीजीए. नावाखाली रेझोल्यूशनची यादी असते. ज्याच्यापुढे ताऱ्याचं चिन्ह (*) ते आत्ता चालू आहे, ज्याच्यापुढे अधिकचं चिन्ह (+) ते मॉनिटरने स्वतः सुचवलेलं. तुमच्या व्हीजीएखाली अधिकचं चिन्ह कुठेच नसेल आणि यादी १०२४ ला संपत असेल, तर ईडीआयडी पोचलेला नाही.

आणि तो न पोचण्याचं कारण अनेकदा केबलच असते. व्हीजीएच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून ही माहिती जाते. स्वस्त केबलमध्ये या तारा कधी कधी जोडलेल्याच नसतात. चित्र येतं, कारण रंगांच्या तारा वेगळ्या. मधल्या रांगेतली ९ नंबरची पिन नसेल तर काळजी नको, ती बऱ्याच केबलना नसते. माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं. दोन संध्याकाळी मी ड्रायव्हर शोधत बसलो, आणि शेजाऱ्यांची केबल लावल्यावर क्षणात १९२० × १०८० यादीत आलं.

तेव्हा दुसरी केबल मागून आणा आणि लावून पाहा. त्याहून चांगलं म्हणजे मॉनिटरच्या मागे एचडीएमआय किंवा डीव्हीआय आहे का ते बघा. लॅपटॉपला एचडीएमआय असेल तर एचडीएमआय-ते-डीव्हीआयची साधी केबल चालते. चित्र डिजिटलच राहतं, अक्षरं व्हीजीएपेक्षा स्वच्छ दिसतात. आवाज मात्र लॅपटॉपमधूनच घ्या.

रेझोल्यूशन हाताने यादीत घालायच्या कमांड तुम्हाला शोधल्यावर सापडतील. मिंटच्या नेहमीच्या सिनॅमन डेस्कटॉपवर त्या चालतात, पण लॉगआउट केलं की ते रेझोल्यूशन जातं आणि कायम ठेवायला वेगळी खटपट करावी लागते. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर वेलँड ही पडद्यावर चित्र मांडणारी नवी यंत्रणा चालू असेल तर त्या उपयोगीच पडत नाहीत. केबल बदलणं शक्य असताना नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे डेस्कटॉप असेल आणि मॉनिटर अजिबात दिसत नसेल, तर केबल मदरबोर्डच्या नाही, ग्राफिक्स कार्डच्या पोर्टमध्ये आहे ना ते बघा. कार्ड एनव्हिडियाचं असेल तर मिंटच्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मध्ये सुचवलेला ड्रायव्हर टाकून रीस्टार्ट करा.

केबल बदलूनही यादी १०२४ लाच थांबली, तर टर्मिनलमध्ये आलेला मजकूर आणि मॉनिटरच्या मागे कोणकोणते पोर्ट आहेत ते इथेच खाली लिहा. मी बघतो.