वाढतात, पण उरत नाहीत : लांब केसांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कॉलेजात असताना केस कमरेपर्यंत होते. आता तीन वर्षं खांद्याखाली चार बोटांवर अडलेत. रोज रात्री डोक्याला तेल चोळते, दिवसातून तीन-चारदा विंचरते. वाढ बंद झाली असेल का? (सोलापूर)

वाढ बंद झालेली नाही. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. केस रंगवणाऱ्यांना महिनाभरात भांगात पांढरी रेघ दिसायला लागते, ती याचमुळे. तुमचे केस जेवढे वाढतात तेवढेच खाली तुटतात, म्हणून लांबी जागच्या जागी राहते. खात्री करायची तर कंगव्यातले दहा-वीस केस उजेडात धरून पाहा. एका टोकाला टाचणीच्या टोकाएवढी पांढरी गाठ असेल, तर तो मुळासकट गळलेला केस. असे दिवसाला पन्नास ते शंभर गळतातच. गाठ नसलेले आखूड तुकडे म्हणजे तुटलेले केस, आणि तुमच्या कंगव्यात तेच जास्त निघतील असा आमचा अंदाज आहे.

कमरेपर्यंत पोचलेल्या केसाचं टोक पाच-सहा वर्षं जुनं असतं. ऊन, कंगवा, रबर, ओढणीचं घासणं हे सगळं त्याने सोसलेलं असतं. मुळापाशी अजून काळजी नसली तरी चालते, टोकाला मात्र हवीच. आणि आपण नेमकं उलटं करतो, तेल सगळं टाळूवर. न्हाण्याआधी दोन-तीन तास, दोन चमचे खोबरेल कानाखालच्या लांबीला लावा, टोकांना थोडं जास्त. खोबरेलच, कारण ते केसाच्या आत मुरतं. त्यामुळे केस पाण्याने कमी फुगतो आणि त्यातली प्रथिनं कमी झिजतात. लिक्विड पॅराफिनवर बनवलेली ‘हलकी’ तेलं वरवर चमक देतात, आत जात नाहीत. आठवड्यातून दोनदा पुरे.

विंचरणं एकदा-दोनदावर आणा. रुंद दातांचा कंगवा घ्या, आधी टोकाकडची चार बोटं सोडवा, मग थोडं वर, असं करत मुळापर्यंत या. गुंता लागला की त्याच्या वरचा केस मुठीत घट्ट धरायचा, म्हणजे ओढ मुळाला बसत नाही. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून न्हाऊन आल्यावर मान खाली घालून पंच्याने फटके मारत केस झटकायची सवय आधी सोडा. जुन्या सुती साडीचा तुकडा गुंडाळून पाणी टिपा, केस निम्म्याहून जास्त सुकले की मग कंगवा. रात्री सैल वेणी, खाली कापडी बंद, रबरबँड नको.

दर चार महिन्यांनी एक सेंटीमीटर टोक कापा. तेवढ्या काळात चार-पाच वाढलेले असतात, त्यामुळे हिशेब फायद्याचाच. कापल्याने केस भराभर वाढतात हे मात्र खरं नाही. टोकाला कात्री लागल्याची खबर मुळाला कळत नाही. दुतोंडी केसाची चीर वर वर सरकत जाते, ती थांबते, एवढाच कापण्याचा उपयोग.

प्रश्न : बोअरचं पाणी आणि घरची शिकेकाई. तरी केस राठ आणि चिकट, दोन्ही एकदम. असं का? (लातूर)

दोन वेगळ्या तक्रारी आहेत. राठपणा पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, ते क्षार केसावर बसतात. चिकटपणा बहुधा तेलाचा, कारण शिकेकाईचा फेस सौम्य असतो आणि डोकं तेलाने थपथपलं असेल तर तिचं काही चालत नाही.

पूड थेट डोक्यावर चोळू नका. भरड कण केसांवर घासले जातात आणि न्हाल्यावर निघतही नाहीत. दोन मोठे चमचे पूड दोन पेले पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर दहा मिनिटं उकळा, कोमट झाल्यावर मलमलीतून गाळा आणि फक्त ते पाणी वापरा. रिठा घालत असाल तर दोन-तीनच. जास्त झाला की केस कोरडे पडतात. डोळे मिटूनच न्हा, शिकेकाई आणि रिठा दोन्हीही डोळ्यांना झोंबतात. आवळकाठी, नागरमोथा आवडीप्रमाणे.

शेवटचा तांब्या शक्यतो फिल्टरच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा घ्या. दोन-तीन आठवड्यांतून एकदा, घटकांच्या यादीत ‘ईडीटीए’ असलेला शॅम्पू लावा. तो क्षार धरून काढतो, शिकेकाईला ते जमत नाही.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे, केसांचे पुंजके हातात येतात. बायोटिनच्या गोळ्या घेऊ का? (नाशिक)

गरोदरपणात जे केस गळायचे ते डोक्यावरच टिकून राहतात, आणि बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी एकदम सुटतात. भीती वाटण्यासारखं दिसतं, पण बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. डेंगी, टायफॉइड किंवा कडक डाएटनंतरही असंच होतं, तेही दोन-तीन महिन्यांनी, म्हणून कारण लक्षात येत नाही.

बायोटिन हे एक ब-जीवनसत्त्व, त्याची कमतरता क्वचितच असते. शिवाय जास्त मात्रेची गोळी चालू असेल तर थायरॉइडच्या रक्ततपासणीचा आकडा चुकू शकतो. तपासणीआधी दोन-तीन दिवस ती बंद ठेवायची का, हे डॉक्टरांना विचारा आणि लॅबलाही सांगा. गोळीपेक्षा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) बघून घेणं जास्त कामाचं. अळिवाचे लाडू जरूर खा, त्यात लोह आहे; फक्त त्यांच्यावर लगेच चहा नको, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. वर्षानंतरही गळती तशीच असेल किंवा भांग रुंदावत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : कोंडा आहे म्हणून रात्रभर तेल ठेवतो. बरोबर आहे ना? (पणजी)

नाही. कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते आणि ती टाळूवरच्या तेलावरच जगते. टाळूला तेल बंद करा. दोन टक्के किटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, चार आठवडे वापरा. टाळूवर पाच मिनिटं राहू द्या. लावला आणि धुतला तर औषध नाल्यात जातं.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. शाळेसाठी रोज दोन घट्ट वेण्या. कपाळाच्या कडेचे केस विरळ झालेत. (कोल्हापूर)

रोजच्या ओढीने मुळं दुखावतात. लवकर सैल केलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चाललं तर ती जागा कायमची रिकामी राहू शकते. वेणीचा पहिला पेड कानाच्या पातळीवर, सैल घाला. घातल्यावर भुवया वर ओढल्या जात असतील किंवा डोकं दुखत असेल तर सोडून पुन्हा घाला. शाळेतून आल्या आल्या रिबिनी सोडायच्या, आणि सुट्टीच्या दिवशी एकच पाठीवरची वेणी.