नेक्सॉन ईव्हीचे टायर बदलायचे आहेत. ईव्हीसाठीचे खास टायरच घ्यावे लागतात का?

सक्ती नाही. पण दुकानदार दाखवेल तो घेऊ नका.

आधी साइज बघा: २१५/६० आर१६. त्यापुढचा लोड इंडेक्स जास्त महत्त्वाचा. ९५ म्हणजे एक टायर ६९० किलो पेलतो. बॅटरीमुळे गाडी जड असते, म्हणून कंपनीने दिलेल्या आकड्याच्या खाली अजिबात जायचं नाही, वर चालेल.

दुसरं, रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे टायर फिरताना होणारा विरोध. जाड, खडबडीत नक्षीचे टायर दिसायला भारी, पण रेंज (एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर) खातात आणि इंजिनाचा आवाज नसल्याने त्यांची घरघर केबिनमध्ये सतत ऐकू येते. अपोलोचे अँपेरियनसारखे ईव्ही टायर इथे उपयोगी पडतात. बजेट नसेल तर कमी रोलिंग रेझिस्टन्सचा साधा टूरिंग टायरही (रोजच्या रस्त्यावरचा आरामदायी टायर) पुरतो. फक्त पावसातली पकड विचारा. दहा किलोमीटर रेंजसाठी घाटात ब्रेक लागायचं अंतर वाढवण्यात काय शहाणपण?

टायरवरचा चार आकडी कोड वाचा: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. जुना माल सरळ परत करा.

नवे टायर बसवल्यावर सुरुवातीला रेंज थोडी घटते, घाबरू नका. मोटर पुढच्या चाकांना असल्याने पुढचे टायर लवकर झिजतात. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे अदलाबदल करून घ्या.