पहिल्याच वर्षी फोटोशॉपचं भाडं भरू नकोस

भाऊ, सारंगखेड्याच्या यात्रेतले तुझे घोड्यांचे फोटो पाहिले. नजर चांगली आहे तुझी. म्हणूनच सांगतो, एवढ्यात फोटोशॉपच्या मागे लागू नकोस. २०१३ पासून ते बनवणाऱ्या ॲडोब कंपनीने त्याच्या नव्या आवृत्त्या भाड्यानेच द्यायला सुरुवात केली. पैसे भरणं थांबलं की काम थांबलं. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्याचा तो खर्च वसूल होतो, सुटीत पाटणादेवी नाहीतर तोरणमाळ गाठणाऱ्याचा कसा होणार?

आधी कॅमेऱ्यात रॉ फाइल चालू कर, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला तपशील जवळपास जसाच्या तसा राहतो. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. फेट्याखाली काळवंडलेला चेहरा उजळायला हाच साठा कामाला येतो. त्यासाठी डार्कटेबल हे रॉ फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर वापर. फुकट आहे, आणि मूळ फाइलला हात लावत नाही, त्यामुळे चुकायची भीती नाही. पहिल्यांदा उघडशील तेव्हा डोकं गरगरेल. एक्स्पोजर (उजेड), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल), नॉइज (फोटोतले दाणे) आणि क्रॉप (कापणं), एवढ्या चारच गोष्टींवर महिनाभर बस.

आभाळात आलेली विजेची तार पुसायची असेल तर गिंप हे फोटोशॉपसारखं सॉफ्टवेअर घे, तेही फुकटच. ते स्वतः रॉ उघडत नाही, डार्कटेबलकडे सोपवतं, म्हणून दोन्ही कॉम्प्युटरवर टाकून ठेव.

आणि मित्राने पेनड्राइव्हमधून दिलेलं क्रॅक केलेलं फोटोशॉप अजिबात टाकू नकोस. व्हायरस शिरला तर यात्रेचे फोटो पुन्हा कुठून आणशील? वाचलेल्या पैशांतून आधी बॅकअपसाठी हार्ड डिस्क घे.