गुडघा वाजतोय, पण दुखत नाही

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मी खानापूर तालुक्यातला, वय 22, आर्मी भरतीची तयारी करालोय. इकडं पाऊस लागला की रनिंग बंदच, म्हणून महिनाभर सोप्यातच बैठका मारतोय, रोज शंभर. आता खाली बसताना उजवा गुडघा कधीतरी कट्ट करून वाजतोय, वर येताना दरवेळी आत वाळू असल्यासारखी खरखर होतीय आणि बाहेरच्या बाजूला शीर सरकल्यासारखं वाटतंय. दुखत अजिबात नाही, सूज पण नाही. पण आज्जी म्हणती, माझे पण असेच वाजायचे, आता बघ जिना चढवत नाही, तुझं वंगण संपलंय, बैठका बंद कर. मित्र म्हणतोय कॅल्शियमच्या गोळ्या घे. काय करू?

उत्तर: आधी मनातली भीती काढून टाक बाळा. दुखत नाही, सुजत नाही, कुठं पडला-बिडला नाहीस, मग नुसत्या आवाजासाठी बैठका सोडायची गरज नाही. धडधाकट माणसांचे गुडघे पण वाजतात.

वंगण संपलं म्हणून वाजतोय हे खरं नाही. सांध्यात जो चिकट द्रव असतो त्यात गॅस विरघळलेला असतो, सांधा एकदम ताणला की आतला दाब उतरतो आणि द्रवात पोकळी तयार होते, कट्ट आवाज बऱ्याचदा तोच. बोट मोडून बघ, तेच बोट लगेच परत मोडत नाही, साधारण 20 मिनिटं जावी लागतात. 2015 साली कॅनडात एमआरआय मशीनमध्ये बोट मोडतानाची चित्रं घेतली तेव्हा ती पोकळी तयार होताना दिसली.

पण दरवेळी होणारी खरखर गॅसची नव्हे. खुर्चीवर बस, गुडघ्याच्या वाटीवर तळहात ठेव आणि पाय हळू सरळ कर. हाताला जी बारीक खरखर लागेल ती वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून सरकतानाची, तिथला पृष्ठभाग काय काचेसारखा गुळगुळीत नसतो. आणि बाहेरून सरकतंय त्याला आपण शीर म्हणतो खरं, पण ती बहुतेक मांडीच्या स्नायूची दोरी किंवा पट्टा, हाडाच्या उंचवट्यावरून घसरतो तेवढंच. कॅल्शियमचा आणि आवाजाचा संबंध नाही, ते पैसे दूध-अंड्याला घाल.

मला खटकतंय ते दुसरंच, एका महिन्यात रोज शंभर. तालमीतली पोरं बैठक टाच उचलून, गुडघा पुढं काढून मारतात, त्यात वाटीवर जोर जास्त येतो, पण त्यांनी ते वर्षानुवर्षं वाढवत नेलेलं असतं. तू थोडे दिवस तळवा पूर्ण टेकवून, मागं स्टूल ठेवून त्यावर टेकल्यासारखा बस, खाली जाताना मनात तीनपर्यंत मोज, 15 चे तीन सेट बास, एक दिवसाआड. गुडघे आत वळू देऊ नकोस, बोटांच्या दिशेनं राहू देत. मधल्या दिवशी उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलायचा व्यायाम कर आणि उंबऱ्याच्या पायरीवर एकेक पाय चढ-उतर, मागचे स्नायू तयार झाले की वाटीवरचा भार वाटला जातो. आवाज राहिला तरी राहू दे, तो घालवायच्या मागं लागू नकोस. मेडिकलमधला नी-कॅप पण नको.

मात्र वाजताना कळ आली, दुसऱ्या दिवशी गुडघा फुगला, मध्येच अडकला की सरळच होईना, चालताना पाय दगा देतोय असं वाटलं, किंवा पाय मुरगळताना मोठ्ठा आवाज होऊन लगेच सूज आली, तर भरतीची तारीख बघत बसू नकोस, त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरला दाखव, आणि गुडघा गरम लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी.

आज्जीचं काळजीचं आहे. तिला जिना चढवत नाही म्हणजे तिचा गुडघा नुसता वाजत नाही, दुखतोय, आणि वय झालं म्हणून सोसायची गरज नाही. तिलाही मांडीचे व्यायाम जमतात, खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा तर आजपासूनच. पुढच्या बाजाराला बेळगावला येशील तेव्हा तिलाच दाखवून घे.